ब्रिटनची वैद्यकीय पदवी आणि अमेरिकेचा विद्यार्थी

अमेरिकेतील पहिली वैद्यकीय शाळा १७६५ मध्ये फिलाडेल्फिया येथे सुरू झाली. ती उभारणारे जॉन मॉर्गन आणि विल्यम शिपन हे दोघेही स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठाचे वैद्यकीय पदवीधर होते. अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉ. बेंजामिन रश यांचे वैद्यकीय शिक्षणही तेथेच झाले होते. पुढे अमेरिकेने स्वतःची विद्यापीठे उभारली आणि हा ओघ आटला. अलीकडे मात्र बारावीच्या वर्गात शिकणारी अमेरिकन मुले पुन्हा ब्रिटनमधील वैद्यकीय शाळांचा विचार करू लागली आहेत. त्यांत न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास येथे स्थायिक झालेल्या भारतीय, आणि अर्थातच मराठी, कुटुंबांतील मुलेही आहेत.

ही वाट आकर्षक आहे, पण तिचे नियम अमेरिकन प्रवेशप्रक्रियेहून सर्वस्वी भिन्न आहेत. शिवाय प्रवेश मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. पदवी घेऊन व्यवसाय कोठे करायचा, याचा निर्णय येथे वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षीच मनाशी करावा लागतो.

दोन देश, दोन पद्धती

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण हे पदवीनंतरचे शिक्षण मानले जाते. आधी चार वर्षांची पदवी, त्यानंतर ‘एमकॅट’ ही प्रवेश परीक्षा आणि मग चार वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम असा तेथील क्रम आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८९३ मध्येच पूर्वपदवीची अट घातली होती. अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१० च्या अहवालाने दर्जाहीन शाळांवर कोरडे ओढले आणि हॉपकिन्सचा नमुना देशभर रूढ झाला. शाळेतून थेट वैद्यकीय शिक्षणाची हमी देणारे मोजके एकत्रित अभ्यासक्रम अमेरिकेत आहेत. मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठाचा सहा वर्षांचा आणि ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा कार्यक्रम ही त्यांची उदाहरणे होत. तेथील जागा फारच थोड्या असतात.

ब्रिटनमध्ये शाळा संपताच वैद्यकीय शाळेत प्रवेश होतो. मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटणार नाही, कारण बारावीनंतर थेट एमबीबीएस ही आपली व्यवस्था मूळ ब्रिटिश वळणाचीच आहे. ब्रिटनमधील अभ्यासक्रम बहुधा पाच वर्षांचा असतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडनचे इंपीरियल कॉलेज व युनिव्हर्सिटी कॉलेज येथे मध्ये एक स्वतंत्र पदवी अंतर्भूत असल्याने तो सहा वर्षांचा होतो. पदवीचे नाव विद्यापीठागणिक एमबीबीएस, एमबी सीएचबी, बीएम बीसीएच असे बदलते. नावात ‘बॅचलर’ असले तरी परवान्याच्या दृष्टीने अमेरिकेत ती एम.डी.च्या तोडीची मूलभूत वैद्यकीय अर्हता मानली जाते.

पदवीधर अमेरिकन विद्यार्थ्यांनाही दार बंद नाही. ते पाच वर्षांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमाला किंवा पदवीधरांसाठीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला अर्ज करू शकतात. वॉरिक विद्यापीठाची वैद्यकीय शाळा तर केवळ पदवीधरांसाठीच आहे. मात्र चार वर्षांचे सर्वच अभ्यासक्रम परदेशी विद्यार्थ्यांना खुले नसतात.

१५ ऑक्टोबरची रेषा

ब्रिटनमधील पदवी प्रवेशाचे अर्ज ‘यूकॅस’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. वैद्यकीय, दंतवैद्यकीय व पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी, तसेच ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या सर्व अभ्यासक्रमांसाठी, अंतिम तारीख आदल्या वर्षीची १५ ऑक्टोबर असते. अमेरिकन महाविद्यालयांचे अर्ज नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत भरले जातात. त्यामुळे बारावीच्या हिवाळ्यात ब्रिटनचा विचार सुरू करणाऱ्यांच्या हातून ते वर्ष निसटलेले असते. तयारी अकरावीच्या वसंतातच सुरू व्हायला हवी.

एका अर्जात पाच पर्याय देता येतात. परंतु त्यांपैकी वैद्यकाचे चारच असू शकतात. पाचवा पर्याय जैववैद्यकशास्त्रासारख्या अन्य विषयाचा द्यावा किंवा रिकामा ठेवावा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांनाही एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. अमेरिकेत पंधरा-वीस ठिकाणी अर्ज पाठवण्याची सवय असलेल्या घरांना ही मर्यादा जाचक वाटते. म्हणूनच चार नावे निवडण्याला येथे फार महत्त्व आहे. केवळ कीर्ती पाहून चारही नावे भरणारा विद्यार्थी चारही ठिकाणी नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते.

गुण कोणते धरले जातात

केवळ अमेरिकन हायस्कूल डिप्लोमा ब्रिटिश वैद्यकीय शाळांना पुरेसा वाटत नाही. ब्रिटिश मुले शेवटची दोन वर्षे ‘ए लेव्हल’साठी तीन-चार विषयांचाच सखोल अभ्यास करतात. त्या तोडीचा पुरावा म्हणून अमेरिकन विद्यार्थ्याकडून ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजेच एपी परीक्षांचे गुण मागितले जातात. सर्वसाधारणपणे किमान तीन एपी विषयांत सर्वोच्च, म्हणजे ५, श्रेणी अपेक्षित असते. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या ठिकाणी ही संख्या वाढते. रसायनशास्त्र जवळपास सर्वत्र आवश्यक असते. जीवशास्त्र बहुतेक ठिकाणी लागते, तर तिसरा विषय म्हणून गणित किंवा भौतिकशास्त्र उपयोगी पडते. काही विद्यापीठे एसएटी किंवा एसीटीचे गुणही विचारात घेतात. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट घेतलेल्या विद्यार्थ्यांचा अर्ज समजावून सांगणे त्यामानाने सोपे जाते.

एपीचे निकाल जुलैमध्ये लागतात आणि अर्ज ऑक्टोबरमध्ये जातो. त्यामुळे बारावीत द्यावयाच्या विषयांचे अपेक्षित गुण शाळेने शिफारसपत्रात लिहून द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये शिक्षकांना याची सवय आहे. अमेरिकन शाळांतील समुपदेशकांना बहुधा नसते. शिफारसपत्रात विद्यार्थ्याच्या स्वभावाचे कौतुक असते, पण अपेक्षित गुणांचा उल्लेख नसतो, आणि असा अर्ज अपुरा ठरतो. समुपदेशकाशी ही चर्चा उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीच व्हावी. शक्य असल्यास रसायन व जीवशास्त्राच्या एपी परीक्षा अकरावीतच देऊन ठेवाव्यात.

‘युकॅट’ची कसोटी

ब्रिटनमधील जवळपास सर्व वैद्यकीय शाळांसाठी आता ‘युकॅट’ ही एकच अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. ती २००६ मध्ये ‘यूकेकॅट’ या नावाने सुरू झाली आणि २०१९ मध्ये तिचे नाव बदलले. ऑक्सफर्ड, केंब्रिज, इंपीरियल आदी संस्था पूर्वी ‘बीमॅट’ ही वेगळी परीक्षा घेत. ती २०२३ नंतर बंद झाली. जुन्या पुस्तकांवर विसंबणाऱ्यांनी हा बदल ध्यानात घ्यावा.

युकॅटमध्ये पाठांतराला वाव नाही. २०२५ पासून आकृतीविषयक विभाग वगळण्यात आला असून भाषिक तर्क, निर्णयक्षमता आणि संख्यात्मक तर्क असे तीन विभाग उरले आहेत. प्रत्येकाचे ३०० ते ९०० आणि एकूण ९०० ते २७०० असे गुणमान आहे. चौथा विभाग प्रसंगावधानाचा असून त्यात गुणांऐवजी चार श्रेणी दिल्या जातात. वेळेची टंचाई हीच खरी परीक्षा होय. भाषिक तर्काच्या विभागात २२ मिनिटांत ४४ प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे प्रत्येकी जेमतेम अर्धा मिनिट मिळतो.

ही परीक्षा जुलै ते सप्टेंबर या काळात अमेरिकेतील संगणकीय परीक्षा केंद्रांवरही देता येते. एका प्रवेशवर्षात ती एकदाच देता येते आणि तिचे गुण त्याच वर्षापुरते ग्राह्य असतात. एक सोय मात्र आहे. निकाल परीक्षा संपताच मिळतो. गुण हाती आल्यावर, ते कोणत्या विद्यापीठांच्या आधीच्या वर्षीच्या मर्यादेत बसतात हे पाहून चार नावे ठरवता येतात. शहाणा विद्यार्थी परीक्षा आधी देतो आणि नावे मागाहून भरतो.

निवेदन आणि मुलाखत

अमेरिकन महाविद्यालये विद्यार्थ्याची कहाणी ऐकू इच्छितात. त्याचे छंद, खेळ, नेतृत्व, कुटुंबाची पार्श्वभूमी यांना तेथे मोल असते. ब्रिटनमध्ये प्रवेशाचा निर्णय बहुतांशी विषय शिकवणारे प्राध्यापक आणि डॉक्टर घेतात. उमेदवाराला हा व्यवसाय काय आहे याची जाण आहे का, एवढेच त्यांना पाहायचे असते. ‘पर्सनल स्टेटमेंट’ सर्व पर्यायांसाठी एकच असते. २०२६ च्या प्रवेशापासून ते सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांत विभागण्यात आले आहे. हा विषय का निवडला, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली आणि वर्गाबाहेर काय केले, असे ते प्रश्न आहेत. तिन्ही उत्तरे मिळून मर्यादा ४००० अक्षरचिन्हांची आहे.

येथे वृद्धाश्रमात, रुग्णालयात किंवा अपंगांच्या संस्थेत केलेल्या साध्या सेवेला किंमत असते. परंतु किती तास काम केले यापेक्षा त्यातून काय उमगले, हे विचारले जाते. संशोधन प्रकल्पांची आणि पारितोषिकांची लांबलचक यादी येथे फारसा प्रभाव पाडत नाही.

मुलाखतीशिवाय वैद्यकीय प्रवेश सहसा मिळत नाही. बहुतेक विद्यापीठे अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत वापरतात. उमेदवार एकामागून एक टप्प्यांवर जातो आणि प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटांचा वेगळा प्रसंग असतो. वाईट बातमी सांगणे, नैतिक पेच सोडवणे, आलेख वाचणे असे त्याचे स्वरूप असते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत विकसित झाली. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये मात्र प्राध्यापकांशी होणारी शास्त्रीय विषयांवरील सखोल चर्चाच महत्त्वाची असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची, म्हणजे एनएचएसची, रचना आणि तिच्यापुढील अडचणी यांची माहिती नसलेला उमेदवार तेथे उघडा पडतो. विमाआधारित व्यवस्थेत वाढलेल्या अमेरिकन मुलाने करांतून चालणारी ही सेवा समजून घेणे आवश्यक आहे.

जागा थोड्या, शुल्क मोठे

ब्रिटनमध्ये डॉक्टर घडविण्याचा बराचसा खर्च सरकार उचलते. त्यामुळे जागांची संख्या सरकारी नियंत्रणाखाली असते आणि इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी साधारण साडेसात टक्के जागांची मर्यादा आहे. दोनशेच्या वर्गात जगभरातील विद्यार्थ्यांसाठी जेमतेम पंधरा जागा उरतात. सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, भारत येथील अत्यंत हुशार मुलांशी अमेरिकन विद्यार्थ्याची स्पर्धा असते. बकिंगहॅमसारख्या खासगी विद्यापीठाला ही मर्यादा लागू होत नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठाने २०२२ मध्ये नवी वैद्यकीय शाळा सुरू केली, ती आरंभी परदेशी विद्यार्थ्यांवरच अवलंबून होती.

शुल्काची तफावत डोळ्यांत भरणारी आहे. इंग्लंडमधील स्थानिक विद्यार्थ्याला २०२५-२६ या वर्षात कमाल ९,५३५ पौंड शुल्क होते. परदेशी विद्यार्थ्याला वैद्यकासाठी वर्षाला साधारण चाळीस ते साठ हजार पौंड आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक द्यावे लागतात. वर्षाला पन्नास हजार धरले तरी पाच वर्षांचे अडीच लाख पौंड होतात. राहण्या-जेवण्याचा खर्च, विमानप्रवास आणि व्हिसासोबत दरवर्षीसाठी भरावा लागणारा ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार हे सारे निराळे. शुल्क दरवर्षी वाढू शकते. वैद्यकासाठी मोठ्या शिष्यवृत्त्या जवळपास नाहीतच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ब्रिटिश पासपोर्ट असला की स्थानिक शुल्क लागते, असे अनेकांना वाटते. वस्तुतः शुल्काचा दर्जा केवळ नागरिकत्वावर नव्हे, तर वास्तव्यावर ठरतो. साधारणतः अभ्यासक्रमापूर्वीची तीन वर्षे ब्रिटनमध्ये वास्तव्य असावे लागते. अमेरिकेत वाढलेल्या ब्रिटिश नागरिकालाही बहुधा परदेशी शुल्कच भरावे लागते.

कर्जाबाबतही सावधगिरी हवी. अमेरिकेचे सरकारी शैक्षणिक कर्ज अनेक ब्रिटिश विद्यापीठांसाठी मिळते. परंतु परदेशी वैद्यकीय शाळांना वेगळ्या व कडक अटी लागू आहेत. एखाद्या विद्यापीठातील इतिहासाच्या अभ्यासक्रमाला कर्ज मिळते, पण त्याच विद्यापीठातील वैद्यकाला मिळत नाही, असे घडते. शिवाय २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून पालकांच्या नावे मिळणाऱ्या सरकारी कर्जाला प्रत्येक पाल्यामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार डॉलरची मर्यादा घातली आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमाला कर्ज मिळते की नाही, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे.

पदवीनंतर ब्रिटनमध्येच राहिल्यास

ब्रिटनमधील वैद्यकीय शाळांच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांना २०२४-२५ पासून राष्ट्रीय परवाना परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाले आहे. पदवीनंतर दोन वर्षांचा ‘फाउंडेशन प्रोग्रॅम’ असतो. त्यातील पहिले वर्ष पूर्ण झाल्यावरच जनरल मेडिकल कौन्सिलकडे पूर्ण नोंदणी होते. हे प्रशिक्षण देशाच्या कोणत्या भागात मिळेल, हे २०२४ पासून गुणवत्ताक्रमावर ठरत नाही. विद्यार्थ्याची पसंती आणि संगणकाने दिलेला क्रमांक यांवर ते ठरते. लंडनचे स्वप्न पाहणाऱ्याला दूरच्या गावी जावे लागू शकते.

त्यापुढे कौटुंबिक डॉक्टर होण्यासाठी किमान तीन आणि रुग्णालयातील विशेषज्ञ होण्यासाठी बहुधा सात-आठ वर्षे लागतात. म्हणजे शाळा संपल्यापासून कौटुंबिक डॉक्टर होईपर्यंत ब्रिटनमध्ये पाच, दोन आणि तीन अशी दहा वर्षे जातात. अमेरिकेत चार, चार आणि तीन अशी अकरा वर्षे लागतात. ‘तीन वर्षे वाचतात’ हा हिशेब ब्रिटनमध्येच राहणाऱ्यापुरता एका वर्षावर येतो. विशेषज्ञ होऊ पाहणाऱ्याच्या बाबतीत तर तो अनेकदा उलटाही होतो.

परतीचा मार्ग

ब्रिटनची पदवी घेऊन अमेरिकेत परतणारा अमेरिकन नागरिक तेथील व्यवस्थेच्या लेखी ‘परदेशी वैद्यकीय पदवीधर’ असतो. त्याला ‘यूएसएमएलई’च्या परीक्षा द्याव्या लागतात, ‘ईसीएफएमजी’चे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यानंतर रेसिडेन्सीच्या जागांसाठी होणाऱ्या राष्ट्रीय ‘मॅच’मध्ये उतरावे लागते. रेसिडेन्सी न मिळालेल्या नवपदवीधराला अमेरिकेत डॉक्टर म्हणून व्यवसाय करता येत नाही.

या ‘मॅच’चे आकडे बोलके आहेत. २०२४ मध्ये अमेरिकन एम.डी. शाळांच्या अंतिम वर्षातील सुमारे ९३ टक्के विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांत हे प्रमाण सुमारे ६७ टक्के होते. या ६७ टक्क्यांत कॅरिबियन बेटांवरील शाळांतून आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे हा आकडा ब्रिटिश पदवीधरांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही घरच्या आणि बाहेरच्या पदवीत व्यवस्था फरक करते, हे त्यातून स्पष्ट होते. अंतर्गत औषधशास्त्र, कौटुंबिक वैद्यक, बालरोग या शाखांत बाहेरून आलेल्यांना संधी अधिक असते. त्वचारोग, अस्थिशल्यचिकित्सा यांसारख्या शाखांची दारे त्यांच्यासाठी फारच अरुंद आहेत.

अडचणी आणखीही आहेत. ब्रिटिश अभ्यासक्रम अमेरिकन परीक्षेसाठी आखलेला नसतो. तिची तयारी विद्यार्थ्याला वॉर्डातील काम सांभाळून स्वतःच करावी लागते. ‘स्टेप १’ परीक्षा जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी झाल्याने परदेशी पदवीधराला स्वतःचे वेगळेपण दाखवण्यासाठी ‘स्टेप २’चे गुणच उरले आहेत. अमेरिकन डॉक्टरांची शिफारसपत्रे मिळवण्यासाठी सुट्ट्यांत आणि शेवटच्या टप्प्यातील ‘इलेक्टिव्ह’ काळात अमेरिकन रुग्णालयांत काम करावे लागते. ब्रिटनमधील पदवी उन्हाळ्यात हाती पडते आणि अमेरिकेतील रेसिडेन्सी १ जुलैच्या सुमारास सुरू होते. कागदपत्रे वेळेत पूर्ण न झाल्यास वर्ष वाया जाते. त्यामुळे काही जण फाउंडेशनचे पहिले वर्ष पूर्ण करून, ब्रिटनमधील पूर्ण नोंदणी पदरात पाडून मगच परततात. यात एक वर्ष खर्ची पडते, पण दोन्ही देशांची दारे उघडी राहतात.

अमेरिकन नागरिकाला परतताना व्हिसाची अडचण नसते, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु केवळ ग्रीन कार्ड असलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. पुनःप्रवेशाचा परवाना न घेता सलग वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास कायम वास्तव्याचा हक्क धोक्यात येतो. थोड्या काळासाठी परतून पुन्हा जाणाऱ्यालाही अमेरिका हेच आपले घर असल्याचे सिद्ध करावे लागू शकते. पालकांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांचा तो दर्जा तर एकविसाव्या वर्षी संपतोच. भारतीय कुटुंबांत ही परिस्थिती सर्रास आढळते. अशा घरांनी प्रवेश समुपदेशकाआधी स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला घेणे इष्ट ठरेल.

ही वाट कोणासाठी

वैद्यकच करायचे हे ज्याचे पक्के ठरले आहे, विज्ञानात ज्याची तयारी भक्कम आहे, ज्याच्या कुटुंबाला कर्जावाचून हा खर्च पेलतो आणि ब्रिटनमध्येच आयुष्य घालवावे लागले तरी ज्याची हरकत नाही, अशा विद्यार्थ्यासाठी ही वाट उत्तम आहे. तेविसाव्या वर्षी तो डॉक्टर होतो. कोवळ्या वयात रुग्णांच्या सहवासात येतो आणि जगातील जुन्या, नामांकित संस्थांत शिकतो.

जो अजून विषयांच्या शोधात आहे, त्याला अमेरिकेतील चार वर्षांची पदवी विचाराला अवसर देते. ब्रिटनमध्ये मधूनच विषय बदलणे सोपे नाही. तिसऱ्या वर्षी मन उडाले, तर खर्च झालेली वर्षे आणि पैसा दोन्ही वाया जातात. अमेरिकेतील एखाद्या स्पर्धात्मक शाखेचे विशेषज्ञ व्हायचे ज्याने आधीच ठरवले आहे, त्यानेही घरच्याच वाटेचा विचार आधी करावा.

म्हणूनच हा हिशेब शेवटाकडून आरंभाकडे मांडावा. आधी व्यवसाय कोणत्या देशात करायचा ते ठरवावे. तेथील परवान्याला काय लागते ते पाहावे. मग तेथवर पोहोचण्याचा खर्च आणि कर्ज यांचा ताळेबंद करावा. विद्यापीठांची चार नावे लिहिण्याची वेळ त्यानंतरची. ऑक्टोबरची तारीख पाळण्यासाठी हा सारा विचार त्याआधीच्या वसंतात पूर्ण झालेला असावा. एडिंबराहून परतलेल्या मॉर्गन आणि शिपन यांच्यापुढे परवान्याचा प्रश्न नव्हता. आजच्या विद्यार्थ्यापुढे तो पहिल्या दिवसापासून आहे.